नळी, रोहित्र आणि दोन तारा

नभोवाणीवरील गायन रंगले म्हणजे श्रोता गायकाला दाद देतो, आणि मध्येच खरखर ऐकू आली तर दोष हवेला किंवा आपल्या यंत्राला देतो. परंतु गायकाचा कंठ आणि श्रोत्याचा कान यांच्यामध्ये आणखी एक टप्पा असतो. त्याची आठवण सहसा कोणास होत नाही. मायक्रोफोनपासून प्रक्षेपकापर्यंत ध्वनी तारेवरून जातो. ही वाट कधी एका खोलीपुरती असते, तर कधी मैल-दोन मैलांची. या वाटेवर ध्वनीत जे काही मिसळेल, ते प्रक्षेपक इमानेइतबारे सर्वदूर पोहोचवतो. एकदा तसे झाले की श्रोत्याने कितीही उंची यंत्र आणले तरी त्याला गाणे आणि गोंगाट वेगळे करता येत नाहीत. म्हणून ध्वनी तारेवर नीट चढविणे ही नभोवाणीच्या अभियंत्याची पहिली जबाबदारी ठरते. निर्वात नळ्यांच्या काळात ही जबाबदारी कशी पार पाडली जात असे, हे समजून घेण्यास म्हैसूर हे उत्तम ठिकाण आहे.

म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात मानसशास्त्राचे प्राध्यापक असलेले एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ च्या सप्टेंबर महिन्यात आपल्या 'विठ्ठल विहार' या राहत्या घरी एक लहानसे नभोवाणी केंद्र सुरू केले. प्रक्षेपक अवघा तीस वॉटचा होता. आज घरातील एखादा दिवा जेवढी वीज खातो, जवळजवळ तेवढीच ही शक्ती. पुढे २५० वॉटचा प्रक्षेपक आला. या केंद्राचे नाव होते 'आकाशवाणी'. हेच नाव १९५६-५७ च्या सुमारास सबंध देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. १ एप्रिल १९५० रोजी म्हैसूरचे केंद्र अखिल भारतीय नभोवाणीत विलीन झाले. हैदराबाद संस्थानाची हैदराबाद व औरंगाबाद येथील केंद्रेही त्याच वेळी तीत आली. १९५५ मध्ये बंगलोरला नवे केंद्र निघाले आणि म्हैसूरचे काम तिकडे गेले. म्हैसूरला स्वतःचे केंद्र पुन्हा लाभले ते १९७४ मध्ये.

तीस वॉटच्या केंद्राला चूक परवडत नाही. मोठ्या शक्तीच्या केंद्राचा आवाज श्रोत्याजवळच्या विजेच्या खरखरीवर मात करू शकतो. लहान केंद्राचा मुळातच क्षीण असतो. त्यात केंद्रातूनच गोंगाट निघाला तर ऐकण्याजोगे काही उरत नाही.

आता अशी कल्पना करावी की, दसऱ्याचा उत्सव चालू आहे, राजवाड्याजवळच्या एका सभागृहात एक विद्वान गात आहेत आणि त्यांचे गायन तारेवरून केंद्राकडे न्यावयाचे आहे. म्हैसूर संस्थानात शिवनसमुद्र येथे कावेरीच्या धबधब्यावर १९०२ मध्येच वीजनिर्मिती सुरू झाली होती, आणि म्हैसूरचा राजवाडा उत्सवात ज्या दिव्यांनी उजळतो त्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. डोळ्यांना ती रोषणाई सुखावते. परंतु त्या दिव्यांना वीज पुरविणाऱ्या प्रत्येक तारेभोवती प्रवाहाचे चुंबकीय व विद्युत् क्षेत्र पसरलेले असते. जवळून जाणाऱ्या ध्वनीच्या तारेत हे क्षेत्र आपला अंश उत्पन्न करते. मग तंबोऱ्याच्या षड्जाखाली दुसराच एक सूर अखंड घुमत राहतो. तो षड्जाशी जुळतही नाही आणि थांबतही नाही.

यावरचा उपाय टेलिफोनच्या अभियंत्यांनी शोधला होता. ध्वनी एका तारेने न नेता जवळजवळ असलेल्या दोन सारख्या तारांनी न्यावा, आणि दोहोंपैकी कोणतीही तार जमिनीला जोडू नये. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच होतो. ध्वनी मात्र दोन तारांमधील विद्युत् दाबाच्या फरकात साठविलेला असतो. पलीकडच्या टोकाला केवळ हा फरकच उचलावयाचा. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखीच धूळ पडली तर काटा हलत नाही; एका पारड्यात माल टाकला तरच तो हलतो. तसाच हा प्रकार. खांबांवरील उघड्या तारांच्या जागा ठरावीक अंतराने आपसांत बदलतात आणि केबलमध्ये दोन तारांना एकमेकींभोवती पीळ देतात, तोही दोघींच्या वाट्याला सारखाच उपद्रव यावा म्हणून.

येथे एक गैरसमज नेहमी आढळतो. दोन तारांवर समान व उलट दाब असला म्हणजे समतोल साधला, असे मानले जाते. वस्तुतः समतोल दाबांचा नसून अवरोधांचा असावा लागतो. प्रत्येक तारेपासून जमिनीपर्यंत विजेला होणारा अडथळा दोन्हीकडे सारखा हवा. तो सारखा असेल, तर एका तारेवर ध्वनीचा दाब मुळीच नसला तरी बाहेरचा गोंगाट वजा होतो. तो सारखा नसेल, तर दाब कितीही काटेकोर असूनही गोंगाट आत शिरतो. दोन्ही तारांवर एकेक व्होल्टाचा उपद्रव आला आणि समतोलातील उणिवेमुळे त्याचा शंभरावा भाग फरकाच्या रूपाने उरला, तरी तो १० मिलिव्होल्ट होतो. ध्वनीचा दाब पाऊण व्होल्टाच्या आसपास असेल, तर गाण्याच्या विरामात हा उरलेला अंश स्पष्ट ऐकू येतो. उणीव हजारांत एक एवढी उतरली म्हणजे मात्र तो कानाआड होतो.

उघड्या टेलिफोन तारांच्या लांब जोडीचा स्वाभाविक अवरोध ६०० ओहमच्या आसपास भरतो. तोच आकडा नभोवाणीने उचलला. ६०० ओहममध्ये एक मिलिवॉट शक्ती खर्च होण्यास ०.७७५ व्होल्ट लागतात, आणि हीच ध्वनीची पातळी मोजण्याची पायरी ठरली. तथापि संगीत एका पातळीवर राहत नाही. मृदंगाची थाप किंवा गायकाची अचानक उंचावलेली तान सरासरीच्या कितीतरी पट वर उसळते. त्यासाठी विवर्धकाने शंभरपट शक्तीची, म्हणजे १०० मिलिवॉटची, तयारी ठेवावी अशी अपेक्षा असते. ६०० ओहमवर १०० मिलिवॉट म्हणजे ७.७५ व्होल्ट आणि सुमारे १३ मिलिअँपिअर. तरंगाच्या शिखरावर १८ मिलिअँपिअरहून थोडे अधिक. हा १८ मिलिअँपिअरचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढची सारी अडचण त्याभोवती फिरते.

निर्वात नळी, म्हणजेच सामान्य भाषेत रेडिओचा व्हॉल्व्ह, हे दाबाचे यंत्र आहे. तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन सुटतात, मधल्या जाळीवरील दाबानुसार त्यांची संख्या कमीअधिक होते आणि ते धनाग्राकडे जातात. जाळीवर अल्पसा दाब पालटला की धनाग्रावर मोठा दाब पालटतो. परंतु निर्वात जागेतून वाहणारा हा प्रवाह फार थोडा असतो. ईसीसी ८३ या सुप्रसिद्ध नळीची दाब वाढविण्याची क्षमता शंभरपट आहे; पण तिच्यातून २५० व्होल्टांवर जेमतेम १.२ मिलिअँपिअर वाहतो आणि तिचा अंतर्गत रोध साठ हजार ओहमच्या वर आहे. अशा नळीला ६०० ओहमची तार जोडणे म्हणजे पिचकारीने शेत भिजविण्याचा प्रयत्न होय. पाणी जोराने उडते खरे, पण भिजत काही नाही.

तुलनेने दणकट असलेल्या ईसीसी ८२ मधून सुमारे १० मिलिअँपिअर वाहू शकतो व तिचा अंतर्गत रोध ७,७०० ओहम असतो. तीसुद्धा सरळ जोडून भागत नाही. तेव्हा पहिली युक्ती अशी सुचते की, ध्वनी धनाग्राऐवजी ऋणाग्रावरून घ्यावा. या जोडणीत दाब वाढत नाही, तो किंचित कमीच होतो. पण निर्गमाचा अवरोध एकदम घटतो. ईसीसी ८२ च्या बाबतीत तो ४५० ओहमच्या आसपास, तर पुढे निघालेल्या ईसीसी ८८ सारख्या नळीत ८० ओहमपर्यंत खाली येतो. कागदावर प्रश्न सुटला असे वाटते.

अनेक आराखडे फसतात ते याच ठिकाणी. निर्गमाचा अवरोध कमी असणे वेगळे आणि लागेल तेवढा प्रवाह देता येणे वेगळे. ज्या नळीतून स्थिर अवस्थेत १० मिलिअँपिअर वाहतो, ती तारेला एका दिशेने त्याहून अधिक देऊ शकेलही. पण उलट दिशेच्या अर्ध्या फेऱ्यात तिचा प्रवाह घटत घटत शून्यावर येतो, आणि तेथे तरंगाचे टोक छाटले जाते. मंद बोलणे स्वच्छ ऐकू येते. तान उसळली की आवाज फाटतो. हलक्या आवाजावर परीक्षा घेणाऱ्याला हा दोष सापडतच नाही.

दुसरा धोका जोडणाऱ्या धारित्राचा. नळीच्या अंगावरचा स्थिर दाब तारेवर जाऊ नये म्हणून मध्ये धारित्र घालावे लागते. पुढे दुसऱ्या नळीची जाळी असेल तर एक दशांश मायक्रोफॅरडचे धारित्र पुरेसे होते, आणि घरगुती यंत्रांत तेवढेच असते. तेच धारित्र ६०० ओहमच्या भारापुढे ठेवले तर सुमारे २,६०० हर्ट्झच्या खालचे सारे स्वर उतरत जातात. मृदंगाची डावी बाजू नाहीशी होते, तंबोरा विरतो आणि गायकाचा आवाज नाकातून आल्यासारखा वाटतो. खालचे स्वर वाचविण्यास येथे शेकडोपट मोठे धारित्र लागते.

ईएमआय या ब्रिटिश कंपनीतील एरिक व्हाइट यांनी १९४० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात एक सुधारणा प्रसिद्धीस आणली. त्यांच्या मंडलात दोन नळ्या एकीवर एक ठेवलेल्या असतात. वरची नळी प्रवाह ढकलते तेव्हा खालची आवरते आणि वरची आवरते तेव्हा खालची ओढते. अशा जोडीकडून स्थिर प्रवाहाच्या दुपटीपर्यंत काम घेता येते, म्हणजे १० मिलिअँपिअरवर चालणारी जोडी १८ ची मागणी कशीबशी भागवते. परंतु समतोल तारेसाठी अशा दोन जोड्या लागतात. दोन बाजूंनी दाब निम्मा निम्मा वाटून घेता येतो, प्रवाह मात्र वाटला जात नाही. जो प्रवाह एका तारेने जातो तोच दुसरीने परत येतो. म्हणून दोन्ही बाजूंना पुऱ्या १८ मिलिअँपिअरची तयारी ठेवावी लागते.

रोहित्र हे या सर्व खटाटोपाचे सर्वांत जुने आणि आजही सर्वांत समाधानकारक उत्तर आहे. लोखंडाच्या गाभ्यावर तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्यात वेढे दुसऱ्याच्या पाचपट असतील, तर दाब पाचव्या हिश्श्यावर येतो आणि प्रवाह पाचपट होतो. अवरोध मात्र पाचाच्या वर्गाने, म्हणजे पंचवीसपट, बदलतो. त्यामुळे तारेचे ६०० ओहम नळीला १५,००० ओहमसारखे भासतात, आणि नळीचे ७,७०० ओहम तारेला ३०८ ओहम वाटतात. तारेवर ७.७५ व्होल्ट हवेत, तर नळीने सुमारे ३९ व्होल्ट द्यावे. ते तिला सहज जमते. आणि शिखरावरचे १८ मिलिअँपिअर? नळीच्या बाजूला त्यांचे चारही उरत नाहीत. जी ईसीसी ८२ तारेला थेट जोडली असता हतबल झाली होती, तीच पाचास एक या रोहित्रामागे उभी राहून आरामात काम करते. नळीला तिच्या स्वभावाविरुद्ध राबविण्यापेक्षा तिच्या आणि तारेच्या मध्ये योग्य दुभाषा ठेवावा, हाच या आराखड्याचा गाभा आहे.

ध्वनिक्षेपकाची गोष्टही हीच, फक्त प्रमाण मोठे. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार पाश्चात्त्य अभिजात संगीताचे थोर रसिक होते. १९४८ मध्ये ते लंडनच्या फिलहार्मोनिया कॉन्सर्ट सोसायटीचे पहिले अध्यक्ष झाले, आणि रशियन रचनाकार निकोलाय मेटनर यांच्या कृतींचे ध्वनिमुद्रण त्यांच्या आश्रयामुळे होऊ शकले. त्यांच्या वाड्यात ध्वनिमुद्रिकांचा प्रचंड संग्रह आणि नाना प्रकारचे ध्वनिक्षेपक होते. त्या काळच्या उत्तम ध्वनिक्षेपकाचा अवरोध पुष्कळदा १५ ओहम असे. शक्तिशाली नळ्यांच्या जोडीला ६,००० ओहमचा भार हवा असेल, तर वीसास एक या प्रमाणाचे रोहित्र लागते. सामान्य माणसाच्या घरातील रेडिओतही हाच दुभाषा लहान रूपात बसलेला असे.

रोहित्राची किंमत मात्र मोजावी लागते. ४० हर्ट्झपर्यंतचे खालचे स्वर टिकवावयाचे असतील, तर वरच्या उदाहरणात पहिल्या वेटोळ्याची प्रेरकता किमान २० हेन्री हवी, आणि स्वर किंचितही उतरू नये असे वाटत असेल तर त्याच्या दुप्पट. त्यासाठी हजारो वेढे आणि उत्तम गाभा लागतो. वेढे वाढले की त्यांच्यामधील धारकता वाढते, एका वेटोळ्याचे चुंबकत्व दुसऱ्यात पुरते पोहोचत नाही, आणि वरचे स्वर बोथट होतात. म्हणून कुशल कारागीर दोन्ही वेटोळी थराआड थर अशी गुंडाळतो. शिवाय नळीचा स्थिर प्रवाह वेटोळ्यातून वाहिला तर गाभा आधीच चुंबकत्वाने भरून जातो आणि ध्वनीसाठी जागा उरत नाही. त्यावर दोन नळ्या समोरासमोर लावणे हा उत्तम उपाय होय. त्यांचे स्थिर प्रवाह वेटोळ्याच्या दोन अर्धांतून उलट दिशांनी वाहतात व परस्परांना निष्प्रभ करतात, ध्वनीचे प्रवाह मात्र एकत्र येतात.

ही किंमत देऊन जे मिळते ते दुसऱ्या कोणत्याही मार्गाने एवढ्या साधेपणाने मिळत नाही. रोहित्राचे दुसरे वेटोळे जमिनीपासून पूर्णपणे अलग राहते. त्याच्या दोन टोकांचा समतोल नळीच्या वयावर किंवा तब्येतीवर अवलंबून नसतो. दोन वेटोळ्यांमध्ये तांब्याच्या पत्र्याचा पडदा घालून तो जमिनीला जोडला की धारकतेच्या वाटेने येणारा उपद्रवही थांबतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नळीवरचे अडीचशे-तीनशे व्होल्ट तारेपर्यंत कधीच पोहोचत नाहीत. धारित्राने जोडलेल्या मंडलात ते धारित्र निकामी झाले की नळीच्या बाजूचा दाब तारेवर जातो, आणि खांबावर चढलेल्या तारवाल्याचा हात त्याच तारेवर असू शकतो. येथे प्रश्न केवळ गाण्याच्या गोडीचा राहत नाही.

रोहित्राची व नळीची उरलीसुरली वक्रता घालविण्याचा मार्ग हॅरोल्ड ब्लॅक या अमेरिकन अभियंत्याला २ ऑगस्ट १९२७ रोजी सुचला. हडसन नदीवरील नावेतून कामावर जात असताना त्यांनी तो हातातील वर्तमानपत्रावरच टिपून ठेवला. विवर्धकातून बाहेर पडणाऱ्या ध्वनीचा काही अंश उलटा करून परत प्रवेशाकडे न्यावयाचा; म्हणजे विवर्धक स्वतःच्या चुका स्वतःच दुरुस्त करतो. ब्लॅक यांचीही चिंता टेलिफोनच्या लांब तारांचीच होती. या युक्तीने निर्गमाचा अवरोध आणखी घटतो; पण नळी मुळातच अपुरी असेल तर ही युक्ती तिला जादा प्रवाह मिळवून देत नाही.

बंगलोरला १९५४ मध्ये स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओच्या नळ्या बनविण्यास आरंभ केला आणि १९६४ पासून आकाशवाणीसाठी प्रक्षेपकही तयार केले. पुढे अर्धवाहकांनी नळ्यांची जागा घेतली. आजच्या विवर्धकाचा निर्गम-अवरोध ५० ओहमच्या आसपास असतो आणि ध्वनी स्वीकारणारे यंत्र १०,००० ओहमहून अधिक अवरोध दाखविते. हे योग्यच आहे. १०,००० हर्ट्झच्या ध्वनीचा विद्युत् तरंग उघड्या तारांवर सुमारे ३० किलोमीटर लांब असतो; एका इमारतीतील तारेला स्वाभाविक अवरोधाची चिंता करण्याचे कारण नाही.

परंतु जुनी यंत्रे संपलेली नाहीत. ध्वनिसंग्रहांतून, हौशी लोकांच्या घरांतून नळ्यांचे विवर्धक अजून कामाला लावले जातात, आणि जुन्या ध्वनिफितींतील आवाज त्यांच्यामार्फत नव्या यंत्रांत उतरविले जातात. अशा वेळी दोन गोष्टी पाळाव्या लागतात. जुन्या विवर्धकाचे रोहित्र ६०० ओहमची अपेक्षा धरून गुंडाळलेले असते. पुढे नव्या यंत्राचे १०,००० ओहम आले तर पातळी चढते आणि वरच्या स्वरांत अनैसर्गिक टोक निघते. तारेच्या टोकाला ६०० ओहमचा एक साधा रोधक आडवा जोडला की ते शमते. उलट, घरगुती उपयोगाचा नळीचा विवर्धक ६०० ओहमच्या जुन्या यंत्राला जोडला तर खालचे स्वर हरपतात. तेथे रोहित्राशिवाय गत्यंतर नाही. आणि दोन्ही प्रसंगी परीक्षा हलक्या आवाजावर न घेता पूर्ण पातळीवर घ्यावी.

ज्या गायकांचे कंठ आता फितीवरच उरले आहेत, त्यांच्या बाबतीत ही दक्षता अधिकच आवश्यक ठरते. फीत जीर्ण झालेली असते, ती पुनः पुन्हा वाजविता येईलच असे नाही. त्या एका खेपेला तारेच्या दोन्ही टोकांचे अवरोध जुळलेले नसले, तर मंद्रातले जे स्वर त्या तारेवर हरवतील ते पुढच्या पिढीला कोठेही सापडणार नाहीत.